चौथ्या पाटीवर सिंधू

६ नोव्हेंबर २०१७

पोरं सतरा. खिचडी झाली, मीठ जास्त. अंगणवाडीला आहाराची नवी नोंदवही आली, म्हणजे जुनीची मागची कोरी पानं आता माझी. रकाने आखलेले आहेत, त्याला इलाज नाही.

हे ओट्यावर बसून बोंडं फोडतात. दाभण घेऊन. कोणी आलं की त्याच्यापुढे एक बोंड फोडायचं, "पाय, निंघते का नाही." निघतेच. गुलाबी, गुबगुबीत. बीटी कपाशीचं बियाणं घेताना दुकानदार म्हणाला होता, बोंडअळी आता पुस्तकातच पाहा. आज यांनी पोस्टमनला अळी दाखवली. पोस्टमनने खिशातून आपल्या वावरातलं बोंड काढून यांना दाखवलं. मग दोघांनी चहा घेतला.

मला मात्र अळी नाही, सिंधू पोखरते आहे. भाऊबीजेला माहेरी गेले तिथे भेटली. उद्या लिहीन.

८ नोव्हेंबर

काल लिहायचं राहिलं. पोरांची वजनं होती.

तर सिंधू. माहेर जानेफळकडचं. १९८७, मी नववीत. नव्या गुरुजींनी २६ जानेवारीला मुलींचा आट्यापाट्यांचा सामना लावला. गावात त्याआधी कधी नाही, त्यानंतरही नाही. नऊ पाट्या आखलेल्या, एकेका पाटीवर एकेक पोरगी राखणीला, आडवी धावणार. तिचा हात लागू न देता नऊ ओलांडायच्या, मग उलट फिरून नऊ ओलांडत परत यायचं, तेव्हा कुठे लोण. मी गेले. नऊ झाल्या. फिरले. नऊ, आठ, सात, सहा, पाच. चौथ्या पाटीवर सिंधू. ती डावीकडे, मी डावीकडे. ती उजवीकडे, मी, आणि कडेवरून बाबांची हाक, "मंदे! घरी चाल, पाव्हणे आले."

गेले. पायाचा चुना तसाच. पोहे दिले. त्या पाहुण्यांत हे होते.

सिंधूला गावातच दिली. आता भाऊबीजेला सगळ्या वहिन्यांसमोर म्हणते, "मंदे, तवा तू पळून गेलती. नाही तं मी तुले शिवलंच असतं." आणि हसली. येत्या जानेवारीत एकतीस वर्षं होतील. तेवढ्यात दोन बाळंतपणं झाली, नोकरी लागली, चष्मा लागला, आणि मी अजून चौथ्या-पाचव्या पाटीच्या मधेच उभी आहे. राग येतो मला. शिवलंच असतं म्हणे.

१३ नोव्हेंबर

पोरं एकोणीस. दुपारी शांताबाईची टोळी अंगणवाडीच्या ओट्यावर येऊन बसली. शांताबाई गावातली वेचणीची मुकादमीण, तिच्या शब्दावर आठ बाया वावरात उतरतात. एरवी या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. यंदा एक वेचणी झाली आणि संपलं. बाकी सगळी कवडी, अळीने खाल्लेला, न फुललेला कापूस. दोघा-तिघांनी तर उभ्या पराटीत, म्हणजे उभ्या कपाशीत, ढोरं सोडली.

"मंदाबाई, काम दे बाप्पा," शांताबाई म्हणाली. "घरी बसलं की घरचे माणसं अळ्याच दाखवतेत."

माणसांनी यंदाचा २६ जानेवारीचा सामनाही रद्द केलाय. मन नाही म्हणे. दरवर्षी शाळेसमोरच्या मैदानावर माणसांचा आट्यापाट्यांचा सामना होतो, आम्ही बाया चिंचेखालून पाहतो. मैदानातून आडवं कोणी बाई जात नाही. घागर डोक्यावर असली तरी वळसा घेऊन जायचं. का, ते कोणाला माहीत नाही. सासूने सांगितलं, तिला तिच्या सासूने.

म्हणजे यंदा मैदान रिकामं. मी काही बोलले नाही. पण खिचडीची भांडी घासताना चार वेळा तेच मनात आलं.

१६ नोव्हेंबर

बोलले. टोळी आधी हसली. मग शांताबाईने विचारलं, "पडलं तं?" मी म्हटलं, उठायचं. मग म्हणाली, "हाव, मंग चालते."

चुलीची राख आणली, अंगणवाडीमागे पाट्या ओढल्या. सरावात ओलांडायला बायांच्या लेकीसुना, राखणीला टोळीच्या आठ आणि मी, नऊ झाल्या. त्यांतली शकीला खरी शिवणकाम करणारी, हंगामात वेचणीला जाते. सडपातळ, चपळ. तिला पहिली पाटी दिली आणि तिच्याबरोबर मधली उभी पाटीही, जी सगळ्या पाट्यांना कापत जाते आणि जिच्यावरची खेळाडू कोणालाही शिवू शकते. शकीला म्हणाली, "मतलब सबके घर में मेरा आना-जाना. अच्छा हाय."

मग पंचफुला. अंगाने भरलेली, तोंडाने त्याहून. वावरात बोलण्याच्या नादात हिची पात नेहमी मागे. आज पाटीवर उभी राहून शेजारणीला जावयाचं सांगत होती, तेवढ्यात तीन जणी तिच्यासमोरून निघून गेल्या.

हसून हसून पोट दुखलं. दसऱ्यापासून पहिल्यांदा.

२० नोव्हेंबर

मोठी अडचण. ही अडचण जगात फक्त आमच्या टोळीला येईल.

वेचणीला बाया ओळीने उभ्या राहतात, प्रत्येकीची आपली पात, म्हणजे वाट्याच्या दोन-तीन ओळी. सरळ वेचत जायचं. एखादीची पात मागे पडली की जिची पुरी झाली ती समोरून उलटी फिरते आणि मागे राहिलेलीची पात वेचू लागते. सांगावं लागत नाही. लहानपणापासून हाताला तेच वळण. मागे सोडून बांधावर जाऊन बसली ती बाई नव्हेच.

आता खेळात पंचफुला चुकते. चुकली की तिसऱ्या पाटीवरची शांताबाई आपली पाटी सोडून धावत तिच्या मदतीला. तिच्यामागे पाचवीवरचीही. बघता बघता एका पाटीवर चार बाया आणि बाकी मैदान मोकळं. समोरच्या गडीणी चालत चालत पार.

मी ओरडले, "पाटी सोडायची नाही! कोणी मेलं तरी पाटी सोडायची नाही!"

शांताबाई कमरेवर हात ठेवून, "काऊन? ते एकटी पडली ना वं."

"पडू दे!"

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कोणाच्या पोराला वाईट बोलले.

२४ नोव्हेंबर

पोरं वीस. आज सराव पाहायला गयाबुढी आली. गावात सगळ्यांत म्हातारी, काठी टेकत, डोळ्याला कमी. राखेच्या रेघेजवळ वाकली, बोट लावून पाहिलं.

"आमी खेळो," म्हणाली. "भुलाबाईच्या दिवसांत, परसात. राखेच्याच रेघा. माही सासू सूर धरे, मधली उभी पाटी." मग म्हणे माणसांनी शाळेसमोर मैदान काढलं. चुना आला, शिट्टी आली. "अन् आमाले म्हणलं, बाजूले व्हा."

"मग?"

"मंग काय, झालो बाजूले."

एवढंच. काठी टेकत निघून गेली. मला वाटायचं, बाया कधी खेळल्याच नाहीत, सुरुवात माझ्यापासून. आणि ही बुढी इतकी वर्षं आमच्यासोबत त्याच चिंचेखाली बसून सामना पाहत होती. कोणी तिला विचारलंच नाही.

२९ नोव्हेंबर

ग्रामपंचायतीत अर्ज घेऊन गेले. विषय: २६ जानेवारीस महिलांचा सामना, मैदान मिळणेबाबत. सरपंच विमलताई, जागा बायांसाठी राखीव म्हणून. खुर्चीवर मात्र तिचा नवरा. गाव त्याला सरपंचच म्हणतं आणि तोही ओ देतो.

अर्ज वाचला. चष्मा काढला. "वावरात अळी, अन् बाया खेळून राह्यल्या. लोकं काय म्हणतीन?"

मी म्हटलं, लोक म्हणतील बाया खेळून राहिल्या.

"नाही जमत. मैदानाची एक रीत असते."

विमलताई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. मला कप देताना हळूच, "सराव कितीले असते?"

१ डिसेंबर

विमलताई सरावाला. घरी सांगून आली की अंगणवाडीत वजनं करायला मदत. आणि खेळते कशी! मला वाटलं सरपंचीण मऊ असेल. दोन-तीनदा अशी गिरकी घेतली की शांताबाई रिकाम्या हवेला शिवली. टोळीतल्या एकीचे गुडघे धरलेत, तिच्या जागी विमलताई नक्की.

पण मैदान?

"ते मायावर सोडा," विमलताई म्हणाली.

५ डिसेंबर

मैदान मिळालं!! कसं ते इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहायची सोय नाही.

सरपंचपती रोज संध्याकाळी कागदांचा गठ्ठा घरी आणतो. विमलताई भाकरी थापते, तो एकेक कागद पुढे करतो, "इथं कर. इथं कर." ती हात पुसून सही करते, वाचत नाही, कारण वाचायला गेलं की तो म्हणतो, तुले काय समजते. मग तो शिक्का मारतो. तोही वाचत नाही, कारण त्याने आणलेलेच कागद. काल तिने आमचा अर्ज गठ्ठ्यात मधेच सरकवला. वर स्वतःच्या अक्षरात "परवानगी देण्यात येते". सही केली. शिक्का त्याने मारला. स्वतःच्या हाताने, दोनदा, कारण पहिला नीट उमटला नाही.

आज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. सरपंचपती फळ्यासमोर बराच वेळ उभा होता म्हणे. करतो काय. शिक्का खोटा म्हणावा तर बाकीच्या सगळ्या कागदांचं काय?

११ डिसेंबर

टोळीला एकसारखे कपडे हवे म्हणून अमडापूरला बियाण्याच्या दुकानात गेले. दुकानदार यंदा गिऱ्हाईक दिसलं की आत जातो. मी बोंड आणलं नाही, असं आधीच सांगितलं, तेव्हा बाहेर आला. सगळं ऐकलं आणि माळ्यावरून एक खोकं काढून दिलं. मागे कधी बियाण्याच्या जाहिरातीचे टीशर्ट आले होते, वाटायचे राहिलेले. हिरवेगार. फुकट. वरून म्हणाला, "लवकर न्या बाई."

घरी येऊन उघडले. पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत: बोंडअळी? विसरा!

यांनी एक हातात घेतला. वाचला. पुन्हा वाचला. आणि जे हसायला लागले, दाभण हातातून पडलं, डोळ्यांतून पाणी. मी आधी घाबरले. मग मीही. शेजारची विचारायला आली की काय झालं. दोन महिने हा माणूस जेवताना वर पाहत नव्हता. देवा, त्या टीशर्टवाल्याचं भलं कर.

१८ डिसेंबर

टीशर्ट सगळे एका मापाचे, तेही कोणा काडीपैलवानाचे. शकीलाने बाजू उसवून त्यात पट्ट्या घातल्या. पंचफुलासाठी दोन टीशर्टचा एक. त्यामुळे तिच्या पाठीवर "बोंडअळी? बोंडअळी? विसरा!" असं झालंय. शकीला म्हणाली, "जितनी बाई, उतनी अळी."

साडीवरून घालायचा, पदर आत खोचायचा. शांताबाईने घातला आणि वावरात जाऊन आली. तिथे बांधावर दोन माणसांचं बोलणं बंद झालं म्हणे.

२३ डिसेंबर

समोर खेळायला कोण, हा प्रश्न. खरं म्हणजे मला प्रश्न नव्हताच. सिंधूला फोन लावला.

"खेळतं का?"

"कोण? तू?" खूप वेळ हसली. मग एकदम, "किती जणी पाह्यजेत?"

"नऊ."

"कोणत्या पाटीवर उभी राहू?" मुद्दाम विचारते! मी म्हटलं, तुझ्या मनानं. म्हणाली, "चौथी मायी आहे."

फोन ठेवला आणि ओसरीतच एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकून पाहिलं. शेहेचाळीस वर्षांची बाई मी. लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

२ जानेवारी २०१८

पाटी सोडण्यावर अखेर उपाय सापडला. रागावून, समजावून, पंचफुलाला दुसरीवर, नववीवर ठेवून, सगळं झालं होतं. आज सुचलं. म्हटलं, समजा प्रत्येक पाटी वेगळ्या मालकाचं वावर आहे. बोलावलं नसताना दुसऱ्याच्या वावरात उतरता का?

पटलं. एकदम पटलं. कोणी हलेना. इतकं पटलं की पंचफुला रेघेवर घसरून पडली तरी सगळ्या आपापल्या पाटीवर उभ्या राहून नुसत्या विचारत होत्या, "लागलं का वं?"

शांताबाई तेवढी कुरकुरली. "मालक येगळा असला तरी बाई तं आपलीच ना."

मी म्हटलं, २६ तारखेच्या दुपारपर्यंत नाही.

१५ जानेवारी

पोरं अकरा, बाकी तिळगुळाला. गावात कुजबुज. मारुतीच्या पारावर चर्चा झाली की हे बायांचं बरं नाही, पण पाट्या वाकड्या आखल्या तर गावाचं नाव जाईल, तेव्हा चुना आपण टाकून द्यावा. म्हणजे विरोधही, मदतही. शाळेचे सर शिट्टी वाजवायला तयार. मी त्यांना सांगितलं, आमच्या गावचा जुना नियम. लोण आणलं त्याचा सामना, बाकी मोजमाप नाही.

मला एकच लोण पाहिजे. मोठं काही मागत नाही मी.

२५ जानेवारी

केस धुतले. वेणी आता उंदराची शेपटी झालीय. यांनी विचारलं, "उद्या कितीले हाये?" जसं काही माहीतच नाही. चुना यांनीच टाकलाय, बुटाला लागलेला दिसतो.

२६ जानेवारी, शुक्रवार

सगळं लिहिते, हात दुखेपर्यंत.

झेंडावंदन झालं, बुंदी वाटली. सिंधूच्या गावच्या नऊ जणी काळीपिवळी जीपमधून उतरल्या, कोणाच्यातरी लग्नातल्या एकसारख्या जांभळ्या साड्या नेसून. सिंधू सुटलीय चांगलीच, पण चाल तीच. आमच्या पाठी वाचल्या आणि म्हणाली, "अळी तं विसरली, मले नोको विसरू."

मैदानात पाय टाकायच्या वेळी सगळ्याच अडल्या. एवढ्या तयारीनंतर! चुन्याच्या रेघेपाशी नऊ बाया उभ्या आणि आत कोणी जाईना. तेवढ्यात गयाबुढी काठी टेकत आमच्यामधून पुढे झाली, मैदान आडवं चालत पार करून समोरच्या बाजूला जाऊन बसली. तिला म्हणे उन्हातली जागा हवी होती. मग आम्हीही गेलो.

माणसं सगळी आली होती. "सहज आलो" असं तोंडावर, अर्धी पाठ मैदानाकडे.

पहिली पाळी आमच्या राखणीची. कोणीही पाटी सोडली नाही! आणि पंचफुला, जिची मला धास्ती, तीच भारी पडली. समोर आलेल्या बाईला म्हणाली, "तुमचं माहेर वरवट बकालचं ना वं? तुमच्या भाचीचं जमलं का?" ती बिचारी थांबली, "जमलं ना, फागुनात—" आणि पंचफुलाने हात लावला. अशा तिघी बाद केल्या. तिसरीचं तर बोलणं पुरं होऊ दिलं. शकीलाने मधल्या पाटीवरून उरलेल्या झाडल्या. त्यांना लोण नाही.

दुसरी पाळी आमची, ओलांडायची. दोघी पहिल्याच पाटीला गेल्या. शांताबाई सहावीला. विमलताई आठ पार करून नववीसमोर होती, आणि सरपंचपती ओरडला, "विमल, पदर!" तिने सवयीने हात पदराकडे नेला, तेवढ्यात शिवली गेली. मैदानावरूनच नवऱ्याला जे बोलली ते या वहीत लिहीत नाही. सरकारी वही आहे.

शेवटी मी. नऊ ओलांडल्या. फिरले. नऊ, आठ, सात. दम लागला, चष्मा घामाने घसरला. सहा. पाच. आणि समोर चौथी. सिंधू.

तसंच. ती डावीकडे, मी डावीकडे. लोक उभे राहिले. आता कोणाची पाठ नव्हती. मी उजवीकडे झुकल्यासारखं केलं, ती गेली उजवीकडे, डावी बाजू सताड उघडी. एक पाय उचललेला माझा. एकच पाऊल. कोणी हाक मारत नव्हतं.

आणि सिंधू "आई वं!" म्हणून खाली बसली. घोटा धरून.

पुढचं माझ्या हातांना विचारा. मला कळलं तेव्हा मी वाकलेली होते, माझे हात तिच्या काखेत, आणि तिचा हात माझ्या खांद्यावर. शिट्टी.

पलीकडून शांताबाईचा आवाज, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा, "मंदाबाई! कोणी मेलं तरी!"

सर गोंधळले. खेळणारीला राखणारीने शिवलं तर बाद. इथे खेळणारीनेच जाऊन राखणारीला धरलेलं. आधी हात कोणाचा? सिंधू म्हणे, "मायाच." मी म्हटलं, माझा आधी, आणि माझा लागला तर मी बाद कशी? मग माणसं मैदानात उतरली. पाच इकडे, पाच तिकडे, सरपंचपती दोन्हीकडे. चार वाजेपर्यंत वाद. गेले तीन महिने गावात अळी सोडून दुसऱ्या कशावर भांडण झालं नव्हतं. काय आवाज लागले होते एकेकाचे!

निकाल नाही. काळीपिवळी निघून गेली. मला रडू आलं, खोटं कशाला लिहू. एक पाऊल होतं.

२७ जानेवारी

पोरं बावीस. मांडी घालून बसता येत नाही, खिचडी उभ्याने वाटली. टोळीतलं कोणी मला एक शब्द बोललं नाही. उलट शांताबाई सकाळी हळद-तेल घेऊन आली. पायाला चोळता चोळता म्हणाली, "तू नसती वाकली, तं मी तुयाशी बोलली नसती."

आता यावर काय म्हणावं. दोन महिने या बाईला उलटं शिकवत होते.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मैदानावर सिंधूने डावा घोटा धरला होता. काळीपिवळीत चढताना लंगडत होती ती उजव्या पायाने.

३ फेब्रुवारी

अमडापूरच्या बाजारात सिंधू दिसली. दोन्ही हातांत पिशव्या, तुरुतुरु चालत. गाठलंच.

"कोणता पाय वं तुया?"

"कोणता काय! मुरगळला व्हता." मग पिशव्या खाली ठेवल्या. म्हणाली, "त्याचं सोड. आधीचं ऐक. एकतीस वर्षं झाले, तुले सांगीन सांगीन म्हणतो. तुया बापानं हाक मारली ना, त्याच्या आधीच मी तुले शिवलं व्हतं. वेणीले. मायी बोटं लागली तुया वेणीले. तुले समजलंच नाही."

बाजारात उभ्या उभ्या पायाखालची जमीन गेली. म्हणजे मी बाद होते? इतकी वर्षं ज्या जागी अडकले म्हणून उसासे टाकले, तिथून केव्हाच बाहेर? खोटं बोलते. आणि वेणी धरतात का? वेणी म्हणजे अंग का?

"मग तेव्हा काऊन नाही बोलली?"

"कोणाले बोलू? तू तं गेली ना." तिचे डोळे भरून आले, बाजारात, वांग्याच्या ढिगाशेजारी. "मंग आपला खेळच नाही झाला."

मला वाटायचं, ते पाऊल मी एकटीच धरून बसलेय. तीही तिकडे चौथ्या पाटीवर तशीच उभी होती. भांडायला गेले होते, दोघींनी मिळून गुळाची शेव खाल्ली. होळीनंतर परत खेळायचं ठरलं, तिच्या गावी. वेणी धरतात का ते मात्र ठरलं नाही.

५ फेब्रुवारी

सरांना विचारलं. ते म्हणाले, केसांबद्दल पाहून सांगतो. तीन दिवसांनी विचारा.

मग आठवलं. त्या दिवशी पाहुणे मैदानावरूनच आले होते. घर विचारायला थांबले, तेव्हाच बाबांना कोणीतरी बोलावणं धाडलं. म्हणजे हे तिथे होते! साक्षीदार घरातच, आणि मी गावभर फिरते.

संध्याकाळी हे वावरातून आले. पराटी उपटून झाली, दाभण छपरात खोचलं. भाकरी वाढताना विचारलं, "तुम्ही मला पाहायला आले तेव्हा मैदानावर थांबले होते ना? मी खेळत होते ते दिसलं?"

"हाव."

"मग नीट आठवून सांगा. सिंधूचा हात माझ्या वेणीला लागला होता का नाही?"

घास परत ताटात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवसाबद्दल हे कधी बोलले नव्हते.

"हाताचं काई सांगता येत नाही," म्हणाले. "मी तं वेणीच पाहून राह्यलो व्हतो."

आणि जेवू लागले.

होळीनंतरच्या सामन्याला अंबाडा घालायचं मी पक्कं केलं होतं, म्हणजे वादच नको. आता ठरत नाही.